जखमेचा लेझर स्कॅन आणि खोलीतला उजेड

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयातून आलेला आहे. थोडक्यात असा: सिकलसेलच्या रुग्णाच्या घोट्यावर जुनी जखम आहे. लेझर स्पेकल कॅमेऱ्याने (कातडीखालचा रक्तप्रवाह रंगांत दाखवणारं मशीन) सकाळी अकराला स्कॅन केला तेव्हा जखमेची खिडकीकडची कड लालभडक दिसली, म्हणजे रक्तपुरवठा उत्तम. संध्याकाळी सातला तीच कड हिरवट-निळी, म्हणजे रक्तपुरवठा कमी. रुग्ण तोच, औषधं तीच. मशीन बिघडलं का? की ट्यूबलाइट आणि खिडकीचा काही संबंध आहे? आणि स्कॅनसाठी खोलीत पूर्ण अंधार करायलाच हवा का?

मशीन बहुधा ठीक आहे. सकाळची लाली रक्ताची कमी आणि खिडकीची जास्त असावी. पूर्ण अंधाराची गरज नाही. मात्र कोणता उजेड चालतो आणि कोणता नाही, हे आपल्या डोळ्यांना कळत नाही आणि सगळी गडबड तिथेच होते.

लेझर कातडीवर पडला की कॅमेऱ्याला बारीक दाणेदार नक्षी दिसते, तेच स्पेकल. कातडीखाली रक्तपेशी हलत असतील तर शटर उघडं असताना ही नक्षी पुसट होत जाते. रक्त जितकं जोरात, नक्षी तितकी पुसट. सॉफ्टवेअर पाच बाय पाच किंवा सात बाय सात पिक्सेलच्या चौकटीतला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, मोजतं आणि त्याला त्याच चौकटीतल्या सरासरी उजेडाने भागतं. आलेला आकडा म्हणजे कॉन्ट्रास्ट. फर्चर आणि ब्रायर्स यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही कल्पना. तेव्हा फोटोच्या फिल्मवर करायचे, आता कॅमेरा सेकंदात पंचवीस वेळा करतो.

खोलीतला उजेड स्वतःची नक्षी तयार करत नाही. तो फक्त सरासरीत भर घालतो. दुधात पाणी ओतलं की फॅट तेवढंच राहतं पण टक्का उतरतो, तसा इथे कॉन्ट्रास्ट उतरतो. सॉफ्टवेअरला वाटतं नक्षी पुसली गेली, म्हणजे रक्त जोरात वाहतंय. समजा लेझरचा सरासरी उजेड १०० आणि विचलन ३०, तर कॉन्ट्रास्ट ०.३०. खिडकीतून २० ची भर पडली की ३० भागिले १२०, म्हणजे ०.२५. बरीच सॉफ्टवेअर रक्तप्रवाह कॉन्ट्रास्टच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात धरतात. त्या हिशेबाने ११.१ चा आकडा १६ वर जातो, म्हणजे रक्त तेवढंच असूनही प्रवाह ४४ टक्के जास्त दिसतो. बाहेरचा उजेड लेझरच्या ५ टक्के असला तरी चूक १० टक्क्यांच्या घरात जाते. २ टक्के असेल तर ४ च्या आसपास. काही कंपन्यांचं सूत्र वेगळं असतं, त्यामुळे आकडे बदलतील, पण दिशा बदलत नाही.

आणि ही दिशाच वाईट आहे. उजेडामुळे होणारी चूक नेहमी ‘रक्तपुरवठा चांगला आहे’ असंच सांगते. खोल भाजलेली जागा वरवरची वाटते, मधुमेही पायाची अंगठ्याजवळची जखम भरेल असं वाटतं, आणि नागपूरला किंवा सेवाग्रामला पाठवायचा रुग्ण आठवडाभर ड्रेसिंगवर राहतो.

आता कडेची लाली. घोटा गोल आहे. कॅमेऱ्यासोबतचा लेझर वरून येतो, त्यामुळे घोट्याच्या उतारावर तो तिरका पडतो आणि विरळ होतो. खिडकीचं ऊन मात्र त्याच उतारावर समोरून पडतं. म्हणजे जिथे लेझर सगळ्यात कमी, तिथेच बाहेरचा उजेड सगळ्यात जास्त. चित्रात खिडकीच्या बाजूला पातळ लाल कड उमटते आणि ती नव्या ग्रॅन्युलेशनसारखी (जखम भरताना येणारं लाल मांस) किंवा जखमेभोवतीच्या सुजेसारखी दिसते. ओळखण्याची सोपी रीत: खाट १८० अंशात फिरवा आणि पुन्हा स्कॅन करा. लाली पायासोबत फिरली तर ती रक्ताची. खिडकीकडेच राहिली तर ती उजेडाची. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्याला कुठलंही उपकरण लागत नाही.

मग उजेड मोजायचा कशाने? मोबाइलमधल्या लक्स मोजणाऱ्या ॲपने तर नाहीच, चांगल्या लक्स मीटरनेही नाही. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेलं आहे, आणि बहुतेक स्पेकल कॅमेरे ७८५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेझरवर चालतात, जिथे डोळा जवळपास आंधळा असतो. डोळ्याला अंधारी वाटणारी खोली कॅमेऱ्याला लख्ख असू शकते, आणि उलटही. म्हणून मोजायचं कॅमेऱ्यानेच. लेझर बंद करा, झाकण काढलेलं ठेवा, बाकी सगळं स्कॅनसारखंच ठेवून एक फ्रेम घ्या. मग लेझर चालू करून दुसरी. जखमेच्या जागेवर पहिल्याची सरासरी दुसऱ्याच्या २ टक्क्यांच्या आत असली पाहिजे. ५ टक्क्यांवर असेल तर स्कॅन करू नका, आधी उजेड अडवा. एक बारकावा: कॅमेऱ्याचा स्वतःचा काळा स्तरही शून्य नसतो. लेन्सचं झाकण लावूनही काही अंक येतातच आणि तेही सरासरीत उजेडासारखीच भर घालतात. झाकण लावलेली फ्रेम घेऊन ते आधी वजा करा.

आता उजेडाचे प्रकार. ७८५ नॅनोमीटरवर सगळ्यात मोठा शत्रू ऊन. दुसरा जुना पिवळा बल्ब आणि हॅलोजन. त्यांचा उजेड अर्ध्याहून अधिक डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्येच जातो. ड्रेसिंग टेबलावरचा जुना हॅलोजन दिवा, फिजिओथेरपीचा इन्फ्रारेड दिवा, प्रसूती कक्षातला बाळाचा वॉर्मर हे सगळे याच गटात. पांढरा एलईडी बल्ब मात्र निळ्या एलईडीवर पिवळं फॉस्फर लावून बनवलेला असतो आणि ७५० च्या पुढे त्यातून जवळजवळ काहीच निघत नाही. ट्यूबलाइटही बरीच निरुपद्रवी. म्हणजे ७८५ च्या मशीनसोबत साधा नऊ वॅटचा एलईडी छताला चालू ठेवला तरी सहसा बिघडत नाही, बशर्ते लेन्सवर ७८५ च्या आसपासचाच उजेड आत सोडणारा अरुंद फिल्टर बसवलेला असेल.

तुमचं मशीन ६३३ किंवा ६५० नॅनोमीटरच्या लाल लेझरवर असेल तर हे गणित उलटतं. पांढऱ्या एलईडीत लाल भरपूर असतो. तिथे हिरव्या रंगाचा झिरोचा एलईडी लावा. त्याचा उजेड ५२० ते ५३० च्या आसपास असतो आणि लालपासून दूर राहतो. पण झिरो एलईडीचाच हवा. जुना हिरवा झिरो म्हणजे हिरवा रंग फासलेला तारेचा बल्ब असतो, आणि तो रंग इन्फ्रारेड बिनदिक्कत सोडतो.

खिडकीबाहेर कडुनिंब असेल तर बहुतेक जण म्हणतात, ‘इथे तर सावलीच आहे, ऊन येत नाही.’ डोळ्याला सावली, कॅमेऱ्याला नाही. हिरवं पान लाल आणि निळा उजेड खातं, पण ७०० नॅनोमीटरच्या पुढचा जवळजवळ निम्मा परतवतं आणि उरलेला बराचसा आरपार सोडतं. झाडाखालच्या गार, हिरवट उजेडात ७८५ चा हिस्सा उघड्या आकाशापेक्षाही जास्त असतो. शिवाय फांदी हलली की तो हिस्साही हलतो.

पडद्याचं तेच. काळा कपडा डोळ्याला काळा असतो. रंगवलेलं सुती किंवा पॉलिस्टर कापड इन्फ्रारेडला अनेकदा फिकट आणि अर्धपारदर्शक असतं. कापड विकत घेण्याआधी तुकडा आणा, उन्हाच्या खिडकीकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यापुढे धरा आणि लेझर बंद ठेवून बघा. खात्रीचं काम करतो तो कार्बनचा काळा. मिरची-टरबुजाच्या वावरात अंथरतात तो काळा-चंदेरी मल्चिंग पेपर तालुक्याच्या कोणत्याही कृषी केंद्रात मिळतो. काळी बाजू आत, चंदेरी बाहेर, दोन थर, चौकटीला चहूबाजूंनी पट्टी मारून. पत्र्याच्या छतात उजेडासाठी बसवलेली फायबरची पारदर्शक शीट असेल तर तीही झाका. शिबिरं बहुतेक अशाच हॉलमध्ये भरतात आणि दुपारी बारा ते दोन वरून थेट ऊन टेबलावर उतरतं.

संपूर्ण खोली झाकण्यापेक्षा जखमेभोवती खोका बसवणं जास्त चांगलं, असं माझं स्पष्ट मत आहे. सलाइनच्या बाटल्या येतात तो जाड पुठ्ठ्याचा खोका, तळ आणि वरचं झाकण कापलेला, साधारण ३० बाय ३० सेंटिमीटर. उंची मशीनच्या ठरलेल्या अंतराएवढी. आतून शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा मॅट रंग, बाहेरून मल्चिंग पेपर. चकचकीत कागद आत लावू नका, लेझर त्यावरून उडून परत जखमेवर येतो. पाय आत जाईल अशी खाच कापा आणि ती काळ्या फोमने भरा. खोक्याची कड कातडीला दाबली तर रक्तप्रवाह तिथेच बदलतो. खोका एका रुग्णावर तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, आत ऊब साठते.

अंतराचाही संबंध आहे. विस्फारलेला लेझर दुप्पट अंतरावर साधारण चौपट विरळ होतो, खोलीचा उजेड तेवढाच राहतो. जखम मोठी म्हणून कॅमेरा वर उचलला की बाहेरच्या उजेडाचा टक्का आपोआप चौपट. मोठी जखम दोन तुकड्यांत स्कॅन करा.

उन्हाळ्याचा एक वेगळा त्रास, आणि तो विदर्भात दुर्लक्षून चालत नाही. ७८५ चा साधा डायोड लेझर दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३ नॅनोमीटर वर सरकतो. २५ अंशांवर जुळवलेलं मशीन मे महिन्यात ४५ अंशांच्या खोलीत चाललं तर लेझर ७९१ च्या आसपास पोहोचतो. फिल्टर १० नॅनोमीटर रुंदीचा, म्हणजे ७८० ते ७९०. लेझर स्वतःच दाराबाहेर आणि खिडकीचा उजेड आत! त्यात रुंद लेन्स असेल तर चित्राच्या कोपऱ्यांत किरण फिल्टरवर तिरके पडतात आणि फिल्टरचा पट्टा खाली सरकतो. १५ अंशांच्या तिरकेपणाला साडेसहा नॅनोमीटर. लेझर वर, फिल्टर खाली. परिणाम असा की चित्राचा मधला भाग त्यातल्या त्यात बरा आणि चारही कोपरे लाल. तापमान स्थिर ठेवणारा लेझर असलेल्या तयार मशीनमध्ये हा प्रश्न सहसा नसतो. कॉलेजात जुळवलेल्या स्वस्त संचात हमखास असतो. उपाय: लेझर पंधरा मिनिटं आधी चालू ठेवा, त्याला जाड ॲल्युमिनियमचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा ठोकळा) द्या, जखम चित्राच्या मधोमध घ्या आणि उन्हाळ्यात स्कॅन सकाळी आठच्या आत उरका.

दिव्याच्या थरथरीबद्दलही विचारलं जातं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकची ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. हा उजेड फिल्टरमधून आत येतच नसेल तर विसरून जा. येत असेल तर एक्स्पोजर १० मिलिसेकंद ठेवा. त्यात बरोबर एक पूर्ण लाट बसते आणि थरथर पुसली जाते. ५ मिलिसेकंदावर ती पकडली जाते. फ्रेम सेकंदाला ३० असतील तर प्रवाहात १० हर्ट्झचा खोटा ठोका दिसतो, तो ओळखू येतो. २५ फ्रेमवर मात्र फसगत होते. ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात डुलत असते. ती ४९.९५ असेल तर दिवा ९९.९ वेळा थरथरतो, कॅमेऱ्याची चौथी पट १००, आणि उरलेला ०.१ हर्ट्झचा फरक चित्रात संथ चढउतार म्हणून येतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं नैसर्गिक आकुंचन-प्रसरण नेमकं त्याच्याच आसपास असतं! लाइट गेली आणि खोली इन्व्हर्टरवर आली की हा चढउतार अचानक बदलला, तर तो रक्तवाहिन्यांचा नव्हता. छताचा पंखाही बघा. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरत असेल तर ट्यूबचा उजेड सेकंदाला १५ वेळा कापतो. स्कॅनपुरता तो बंद करा.

कोणाकडे स्पेकलऐवजी लेझर डॉप्लर असेल तर त्याचं वागणं वेगळं. उपचार आणि उपकरणं पारखणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०११ मध्ये भाजलेल्या जखमांसाठी ज्या उपकरणाची शिफारस केली ते याच जातीचं, भाजल्यानंतर ४८ तास ते ५ दिवस या काळात वापरायचं. डॉप्लर परतलेल्या उजेडातला वेगवान चढउतार मोजतो आणि बहुतेक यंत्रांत त्याला एकूण उजेडाच्या वर्गाने भागतो. त्यामुळे स्थिर ऊन पडलं तर प्रवाह खोटा कमी दिसतो, स्पेकलच्या अगदी उलट. पण मंदावता येणारा एलईडी ऑपरेशन लाइट सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद होतो आणि ती वारंवारता डॉप्लरच्या मोजणीच्या पट्ट्यातच पडते. तेव्हा प्रवाह खोटा वाढतो. एकाच खोलीत दोन्ही चुका एकमेकींना झाकू शकतात. शिवाय डॉप्लरचा किरण जखमेवरून ओळीओळीने फिरतो, म्हणून मध्येच ढग आला तर चित्रात आडवे पट्टे उठतात. पट्टे दिसले की खिडकी बघा, जखम नको.

‘लेझर बंदची फ्रेम घेतलीच आहे, तर ती वजा करू, पडदे कशाला?’ असा प्रश्न हमखास येतो. वजाबाकी करा, पण पडद्याच्या जागी नको. एक, वजाबाकी कॉन्ट्रास्ट काढण्याआधी सरासरीतून करायची. तयार चित्रातून करून उपयोग नाही. दोन, श्रावणातल्या ऊन-सावलीत मिनिटापूर्वीची फ्रेम आता खोटी असते. तीन, बाहेरच्या उजेडाने पिक्सेल भरून गेले तर वरचे टोक कापलं जातं, विचलन घटतं आणि ते कुठल्याच वजाबाकीने परत येत नाही. आठ बिटच्या कॅमेऱ्यात सरासरी (२५५ पैकी) ८० ते १०० ठेवा, ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो गेन बंद. आणि खोलीत अंधार केल्यावर वॉर्डातला सीसीटीव्ही आपोआप रात्रीच्या मोडमध्ये जाऊन स्वतःचे ८५० नॅनोमीटरचे दिवे लावतो, तेही लक्षात असू द्या. अरुंद फिल्टर त्यांना अडवतो; नुसता लाल काचेचा फिल्टर अडवत नाही.

सगळं जुळवल्यावर परीक्षा पीओपीवर घ्या. प्लास्टर ऑफ पॅरिसची तळहाताएवढी वडी, दोन दिवस पूर्ण वाळवलेली. तिच्यात रक्त नाही, हालचाल नाही. खोलीत नेहमीचा उजेड ठेवून आणि मग खोका झाकून, असे दोन स्कॅन घ्या. कॉन्ट्रास्टमध्ये २ टक्क्यांहून जास्त फरक आला तर उजेड अजून आत येतोय. मशीनसोबत येणाऱ्या सूक्ष्म मण्यांच्या द्रावाने ही परीक्षा उन्हाळ्यात घेऊ नका: २५ वरून ४० अंशांवर गेलं की पाणी पातळ होतं आणि मण्यांची हालचाल सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. ती वाढ उजेडाच्या माथी मारली जाईल.

रुग्णाच्या बाजूने काही गोष्टी. ड्रेसिंग काढून, खोलीच्या तापमानाचं सलाइन वापरून पुसल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, कूलरची हवा जखमेवर येऊ देऊ नका. ओली जखम चकाकते, तेव्हा गॉजने टिपून घ्या. सिल्व्हर सल्फाडायझिनचा पांढरा थर आणि जेन्शन व्हायोलेट पूर्ण काढा. गोंड, कोलाम बायकांच्या पायावरचं गोंदण लेझर शोषून घेतं. तिथला आकडा धरू नका, शेजारची कातडी घ्या. सावळ्या कातडीवरून लेझर कमी परततो, पण लेन्सवर थेट पडणारी खिडकीची चमक तेवढीच राहते, म्हणून लेन्सला हूड लावाच.

अंधारात डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि ७८५ चा किरण फिकट लाल दिसतो, पापणी आपोआप मिटत नाही. मशीन वर्ग १ चं (डोळ्याला सुरक्षित लेझरचा गट) नसेल तर ७८५ साठीचा चष्मा रुग्णाला आणि तुम्हालाही. बाईमाणूस असेल तर आशाताई किंवा घरची कोणी जवळ बसवा आणि कोपऱ्यात हिरवा झिरो चालू ठेवा.

केसपेपरवर प्रत्येक स्कॅनसोबत लेझर बंदच्या फ्रेमची टक्केवारी, खोलीचं तापमान, वेळ, आणि खिडकी पायाच्या कोणत्या बाजूला होती तेही लिहा. सकाळ-संध्याकाळची तुलना मग करता येते.

जंतू दाखवणारं ४०५ नॅनोमीटरचं जांभळ्या उजेडाचं उपकरणही काही ठिकाणी आलं आहे. त्यात जखम स्वतः मंद चमकते, म्हणून त्याला जवळपास पूर्ण काळोख लागतो. साधा एलईडीही चालत नाही. आणि घरून हळद लावून आलेली जखम त्यात झगझगीत पिवळी-हिरवी दिसते. ती जंतूंची नाही, हळदीची. हळद साबण-पाण्याने एकदा धुऊन जात नाही, दोनदा धुवा आणि जखमेच्या भेगांत पिवळं उरलं नाही ना हे साध्या उजेडात बघून मगच दिवा लावा.